किल्ल्या आत, आम्ही बाहेर

आम्ही कळंबोलीत राहायला आलो तेव्हा तिथले रस्ते आधी झाले होते आणि माणसं यायची बाकी होती. रुंद, सरळ रस्ते, डांबर अजून काळंकुळकुळीत, आणि त्यावरून दुपारभरात जेमतेम एखादी सायकल जायची. मी परळच्या टॅक्सीवाल्याची मुलगी. अठरा पूर्ण झाल्या झाल्या वडिलांनी मला गाडी शिकवली होती. असे रस्ते रिकामे पडलेले बघून मला काही राहवेना. नवऱ्याची कंपनी तळोज्याला, त्यांना न्यायला कंपनीची बस यायची. आम्ही एक जुनी फियाट घेतली, तिच्या डाव्या बाजूला दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवून घेतला, आणि मी इमारतीच्या जिन्यात पाटी लावली : ‘महिलांसाठी ड्रायव्हिंग क्लास’. येणारे-जाणारे पाटी वाचून हसायचे. कोणी हसलं की मी म्हणायचे, "वहिनींना सोमवारपासून पाठवा."

त्यातल्या काही जणी खरंच आल्या. पण सगळ्यात आधी आली ती माझी शेजारीण. दुसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर नव्हती, शेजारी-शेजारी होती. त्यामुळे तिची गॅलरी आणि माझी गॅलरी यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती. ती मूळची मराठवाड्यातली, वसाहतीतल्या धर्मादाय दवाखान्यात नर्स. सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणायचे. दवाखान्याला कोणीतरी एक जीप देणगी दिली होती आणि तिचा ड्रायव्हर नोकरीसाठी आखातात निघून गेला होता. आसपासच्या गावांतून निरोप यायचे, आणि जीप दारात उभी. दुसरा ड्रायव्हर टिकेना. शेवटी एक दिवस सिस्टर डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मी शिकते." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "शीक."

ती जिद्दीनं शिकली. सकाळी ड्यूटीच्या आधी आम्ही निघायचो. फियाटचा गिअर स्टिअरिंगला, जीपचा खाली, म्हणून ती दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दवाखान्याच्या जीपमध्ये जाऊन बसायची आणि बंद गाडीचे गिअर टाकून बघायची. लायसन्स नसताना जीप चालू करायची नाही, अशी मी तंबी दिली होती. ती तिनं पाळली. पण तिची पहिली टेस्ट फसली. मागे घेताना एका पिंपाला गाडी लागली आणि इन्स्पेक्टर साहेबांनी "पुन्हा या" म्हणून सांगितलं. दुसऱ्या टेस्टसाठी तिला मोठ्या मिनतवारीनं अर्ध्या दिवसाची रजा मिळाली होती.

टेस्ट पनवेलला व्हायची. तिथल्या एका मोकळ्या मैदानावर इन्स्पेक्टर साहेब जिल्ह्याच्या ऑफिसातून ठरावीक दिवशी येत. एका टेबलावर कागद, टेबलामागे साहेब, आणि बाजूला त्यांची सरकारी जीप. मी मैदानाच्या कडेला फियाट लावली. सिस्टरचं लर्निंग लायसन्स आणि फोटो तिनं मागच्या सीटवर ठेवले होते. "पहिल्यांदा रांग कुठं आहे ते बघून येऊ," असं म्हणून आम्ही उतरलो. मैदानावर पोरं हुंदडत होती. गाडी उघडी ठेवायची मला सवयच नव्हती. तिनं तिच्या बाजूचं दार लॉक केलं. मी माझ्या दाराचा आतला खटका दाबला, बाहेरची मूठ धरून ठेवली आणि दार लावलं. असं केलं की किल्लीशिवाय दार बंद होतं. वेळ वाचतो म्हणून मी नेहमी तसंच करायचे.

दार बंद झाल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी मला आतल्या किल्ल्या दिसल्या. त्या जुडग्यासकट लोंबत होत्या, अजून हलत होत्या.

"ताई," सिस्टर हळूच म्हणाली, "किल्ल्या आत राहिल्या व्हय?"

"राहिल्या," मी म्हटलं. "तू रांगेत नंबर लाव. मी बघते."

बघण्यासारखं फार काही नव्हतं. फियाटच्या पुढच्या त्रिकोणी काचेतून हात घालून पुष्कळ लोक गाडी उघडायचे, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच महिन्यापूर्वी मी त्या दोन्ही काचांना नवे खटके बसवून घेतले होते. काम पक्कं झालं होतं. मी ढकलून पाहिलं, तर काच जागची हलेना. पनवेलचे एक क्लासवाले आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथं आले होते. ते हातात तार घेऊनच आले.

"मॅडम, टेन्शन घेऊ नका. दोन मिनिटांत उघडतो."

त्यांनी काचेच्या रबरातून तार घातली, फिरवली, ओढली, पुन्हा घातली. त्यांना घाम फुटला. रबर थोडंसं फाटलं. मग ते म्हणाले, "छोटी काच फोडू या का? किरकोळ काम आहे."

"नको," मी म्हटलं. "माझ्या गाडीची काच मी फोडू देणार नाही. तुमचे आभार."

ते खांदे उडवून गेले. जाताना आपल्या विद्यार्थ्यांना काहीतरी म्हणाले आणि ती मुलं हसली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला कळत होतं की डुप्लिकेट किल्ली घरी कपाटात आहे आणि घर काही फार लांब नाही. प्रश्न होता तो सिस्टरच्या टेस्टचा. तिचा नंबर आला होता, आणि तिच्याकडे ना गाडी होती ना कागद.

मी सरळ टेबलापाशी गेले आणि काय झालं ते साहेबांना सांगितलं. साहेब पन्नाशीचे, कोरड्या चेहऱ्याचे. ते उठून फियाटपाशी आले, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून काचेतून मागच्या सीटकडे पाहिलं. लर्निंग लायसन्स उताणं पडलं होतं.

"फोटो यांचाच दिसतो," ते म्हणाले. "पण कागद माझ्या हातात पाहिजे. आणि टेस्टची गाडी तुम्ही आणायची असते. पुढच्या वेळी या."

"साहेब, पुढच्या वेळी यांना रजा मिळणार नाही," मी म्हटलं. "या नर्स आहेत. यांच्या दवाखान्याची जीप ड्रायव्हरवाचून उभी आहे. तुम्ही यांची टेस्ट जीपवर घ्या."

"कुठल्या जीपवर?"

"तुमच्या."

साहेबांचा ड्रायव्हर जीपला टेकून विडी ओढत होता, तो ताडकन सरळ झाला. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत राहिले. मला त्यात काही अवघड वाटत नव्हतं. मी जिला शिकवलं ती कुठलीही गाडी चालवील, अशी माझी खात्री होती.

"तुम्ही जीप चालवली आहे का?" त्यांनी सिस्टरला विचारलं.

"चालू जीप नाही चालवली साहेब," ती म्हणाली. "पण गिअर पाठ हायेत. मला येईल."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. रांगेत सिस्टरच्या मागे कोणी उरलं नव्हतं. "मला कळंबोलीला चौकीपाशी अपघातातला एक ट्रक तपासायचा आहे," ते म्हणाले. "तुमचं घर कळंबोलीतच ना? चला. या चालवतील, मी शेजारी बसेन. किल्ली आणायची, परत येऊन मला कागद दाखवायचे. मध्ये कुठं मला हात घालावा लागला, तर नापास."

जीपचा ड्रायव्हर आणि मी मागे समोरासमोर बसलो. त्यानं वरची दांडी दोन्ही हातांनी धरली. "हँडब्रेक लागत नाय बरं का," तो पुढे ओरडला.

सिस्टरनं पदर खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि जीप चालू केली. पहिला गिअर करकरला. ड्रायव्हरनं डोळे मिटले. दुसरा व्यवस्थित पडला. मैदानातून रस्त्यावर, एसटी स्टँडच्या गर्दीतून, भाजीच्या हातगाड्या चुकवत ती जीप बाहेर काढत होती, आणि मागे माझा उजवा पाय सारखा जीपचा पत्रा दाबत होता. फियाटमध्ये त्या जागी माझा ब्रेक असायचा. इथं काही नव्हतं. एक रिक्षा आडवी आली तेव्हा मी पाय दाबला, पत्र्याचा आवाज झाला, आणि त्याच्या आधीच सिस्टरनं गाडी थांबवली होती. तिला माझ्या ब्रेकची गरज नव्हती. त्यानंतर मी पाय उचलून घेतला आणि मांडी घालून बसले.

हायवेला लागल्यावर नदीच्या पुलाचा चढ होता. नेमकी तिथंच पुढे एक वाळूचा ट्रक बंद पडला आणि सगळी वाहनं चढावर अडकली. आमच्या मागे दुसरा ट्रक येऊन अगदी चिकटून उभा राहिला. त्याचं तोंड मला इतक्या जवळून दिसत होतं की त्याच्या जाळीत अडकलेलं गवतही मोजता आलं असतं. त्यानं हॉर्न धरला तो सोडेना. जीप जरा मागे सरकली असती तरी त्याच्यावर आदळली असती.

"साहेब, मी घेऊ का?" ड्रायव्हर म्हणाला.

साहेबांनी मागे न बघता हातानंच त्याला थांबवलं. माझ्या वडिलांनी मला चढावर हँडब्रेकला हात लावू दिला नव्हता, आणि मीही कोणाला लावू देत नसे. वसाहतीत एका अर्धवट बांधलेल्या रस्त्याच्या चढावर आम्ही रोज तेच करायचो, नुसत्या क्लचवर गाडी तोलायची. पुढची वाहनं हलली. इंजिनाचा आवाज बदलला, जीपचं नाक किंचित उचललं, आणि आम्ही पुढे निघालो. तसूभरही मागे आलो नाही. ड्रायव्हरनं दांडी सोडली आणि खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"चांगलं धरलंन," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "धरणारच."

चौकीपाशी साहेब उतरले. "ट्रक बघून मी चालत येतो. तुमची इमारत कुठली?" मी बोट करून दाखवली. सिस्टरनं जीप आमच्या जिन्यापाशी लावली आणि मी धडधडत दुसऱ्या मजल्यावर गेले. दारापुढे उभी राहिले, हात पर्सकडे गेला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घराची किल्ली त्याच जुडग्यात होती. ती पनवेलला फियाटमध्ये लोंबत होती. नवरा तळोज्याला, संध्याकाळशिवाय यायचे नाहीत.

मी सिस्टरच्या घराची बेल दाबली. तिचे यजमान रात्रपाळी करून झोपले होते. त्यांनी डोळे चोळत दार उघडलं.

"काय झालं ताई? पास झाली का?"

"होतेय. तुमच्या गॅलरीतून माझ्या गॅलरीत जाते."

"अहो, थांबा, मी जातो ना!"

"तुम्ही अजून झोपेत आहात. माझी साडी वर कठड्याला अडकली तर तेवढी सोडवा."

ते खरंच घाबरले होते. मला मात्र त्या कामाची भीती वाटली नाही. खाली पाहायचं नाही एवढं मी ठरवलं. कासोटा घालावा तशी साडी मागे खोचून मी कठड्यावर चढले, मधल्या भिंतीच्या कडेला दोन्ही हातांनी धरलं आणि पलीकडे पाय टाकला. एक पाय त्यांच्याकडे, एक आमच्याकडे, अशी मी भिंतीला कवटाळून उभी असताना खालून साहेबांचा आवाज आला.

"त्या काय करताहेत?"

"किल्ली आणताहेत साहेब," सिस्टर म्हणाली.

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी आमच्या गॅलरीत उतरले. गॅलरीचं दार हवेसाठी उघडंच असायचं. कपाटातून किल्ली घेतली, आतून लॅच उघडून पुढच्या दारानं बाहेर पडले. जिन्यात सिस्टरचे यजमान पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. मी घटाघटा पाणी प्यायले आणि खाली आले.

साहेब जीपला टेकून उभे होते. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं. माझ्या हाताच्या कोपरावर चुन्याचा पांढरा पट्टा उठला होता.

"तुमचं लायसन्स मी दिलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब. माझं मुंबईचं आहे."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि पुढे जाऊन बसले.

परत जाताना ड्रायव्हर पुलापाशीही दांडीला हात न लावता निवांत बसला होता. मैदानावर मी फियाट उघडली, सिस्टरनं मागच्या सीटवरचे कागद काढून साहेबांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी सही केली आणि शिक्का मारला. "जीपचा पहिला गिअर टाकताना घाई करू नका," तिला एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या आणखी किती जणी यायच्या आहेत?"

"पुष्कळ," मी म्हटलं.

"आणा," ते म्हणाले. "पण गाडीही आणा, उघडी."

क्लासवाले अजून तिथंच होते. त्यांचे दोन विद्यार्थी नापास झाले होते. त्यांनी सिस्टरचं अभिनंदन केलं, आणि मनापासून केलं, हे मला आवडलं.

मी फियाटच्या पुढची आणि मागची ‘एल’ची पाटी सोडवली. सिस्टर सवयीनं चालकाच्या सीटवर बसली आणि मी सवयीनं डावीकडच्या दाराशी गेले. मग विचार बदलला. मागचं दार उघडून मागे बसले. स्वतःच्या गाडीत मी मागे कधीच बसले नव्हते. तिथून पनवेलचा रस्ता वेगळाच दिसत होता, रुंद आणि बिनघाईचा.

"ताई, मागं काहून बसलात?" सिस्टरनं आरशातून विचारलं.

"दमले," मी म्हटलं. "तू चल. चहाचं हॉटेल दिसलं की थांबव, मला भूक लागली आहे."