पेटीतली ओल

आईच्या पांढऱ्या लुगड्यावर डाग पडले ते माझ्यामुळे, आणि त्याचा आळ मी घातला बायकोवर. तोही घरात नाही, गल्लीतल्या बायांसमोर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सांगताना मी हळूहळू माझीच बाजू घेऊ लागेन.

साठनंतरची ती वर्षं. आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात राहायचो आणि मी एका जिनात, कापसाची सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, कापूस पाहायच्या कामावर होतो. गाड्या आल्या की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा आणि ओल आहे की नाही ते सांगायचं. वजन वाढावं म्हणून कुणी कुणी कापसावर पाणी शिंपडून आणत. तसला कापूस गाठीत बांधला की आतून तापतो, पिवळा पडतो. त्यामुळे माझ्या शब्दाला तिथं मान होता. पण त्या कामानं मला एक वाईट खोड लावली. ओल लागली की मी आधी समोरच्या माणसाच्या तोंडाकडं पाहायचो. ओल म्हणजे कुणाची तरी लबाडी, नाहीतर कामचुकारपणा. तिसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

पावसाळ्यात जिन बंद असे. आषाढी पौर्णिमेला बौद्धांचा तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला की गल्लीतली माणसं रोज संध्याकाळी विहारात जमत. विहार म्हणजे तेव्हा टिनाची एक खोली. आधी वंदना, मग ग्रंथवाचन. जायचं ते पांढरं नेसून. वंदना सांगायची माझी बायको. ती तिवशाकडची. शाळा फारशी झालेली नव्हती, पण पालीतल्या गाथा तिनं ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या. टिनावर पाऊस बदाबदा वाजत असला तरी तिचा आवाज दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत जायचा. तिनं एक ओळ म्हणायची आणि तिच्या मागून सगळ्यांनी.

आई पहिल्या रांगेत बसायची. तिच्याकडं पांढरं लुगडं एकच होतं, दीक्षेच्या दिवशी नेसलेलं. ते रोज धुऊन संध्याकाळपर्यंत वाळायला हवं असे, आणि झडीच्या दिवसांत ते वाळत नसे. कुबट वास मारणारं दमट लुगडं गुंडाळून आई वंदनेला बसायची आणि रात्रभर खोकायची.

म्हणून मी पेटी केली. चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचं उभं कपाट, आतून टिनाचा पत्रा, वर कपड्यासाठी दांडी, तळाशी जाळीखाली मोठे बल्ब. ऊब जरासुद्धा बाहेर जाऊ नये म्हणून मी कणकेची खळ शिजवली आणि प्रत्येक फटीवर कागदाच्या पट्ट्या डकवल्या. दाराच्या कडेला चिंध्या ठोकल्या. शेजारचे म्हातारबुवा ओसरीवरून पाहत होते.

"काय जी, कोंबडीचे अंडे उबवून राहिले काय?"

"आईचं लुगडं वाळवतो."

"मंग लुगड्याचे पिल्लं निघाले त एक आमच्या घरी धाडजा."

मी हसलो. पेटीचा मला फार अभिमान होता. बल्ब लावून थोड्या वेळानं दार उघडलं की वैशाखातल्या दुपारसारखी झळ तोंडावर यायची. लुगडं मात्र गरम आणि ओलं. दिवसभर आत ठेवलं तरी गरम आणि ओलं. मग एके दिवशी त्याच्यावर तांबूस डाग दिसले.

"तुनं नीट पिळलं नाही," मी बायकोला म्हणालो.

"पिळलं ना. हात दुखेपर्यंत पिळलं."

"मग ओल कुठून आली?"

"मले काय मालूम? तुमच्या पेटीले विचारा."

ते मला झोंबलं. त्या संध्याकाळी विहारात एका बाईनं आईचा पदर हातात धरून विचारलं, "हे काय व माय, लुगड्याले काय लागलं?" आई बोलायच्या आत मीच बोललो. म्हणालो, "सुनेच्या हातात जोर नाही. आमच्या जिनात असा ओला माल आणला असता त गाडी दारातूनच परत पाठवली असती."

बाया खदखदून हसल्या. मलाही वाटलं, बरी कोटी साधली. बायकोनं मान खाली घातली आणि त्या दिवशी वंदना कशीबशी पुरी केली. दुसऱ्या दिवशी ती रंगीत पातळ नेसून आली आणि दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसली. आवाज बसला, म्हणाली. मग रोजच तिचा आवाज बसलेला. दुसरी एक बाई वंदना सांगू लागली. ती मध्येच अडली की सगळ्यांच्या माना दाराकडं वळत. बायको गाथा जाणत होती, तिचे ओठ हलताना मला दिसत होते. पण आवाज काही बाहेर येत नव्हता.

घरी आई मला म्हणाली, "पाठवली ना सुनेची गाडी परत? आता बस हात चोळत."

तरीही मी मानलं नाही. ओल बायकोच्या हातची आहे हे सिद्ध करायला मी स्वतः लुगडं धुतलं. एक टोक खांबाला बांधून दुसऱ्या टोकाला असा पीळ दिला की एक थेंबही गळेना. पेटीत घातलं, बल्ब लावला, समोर बसून राहिलो. दुपारनंतर दार उघडून हात लावला, तर लुगडं ओलं. या वेळी तोंड बघायला समोर कुणी नव्हतं.

मी डोकंच आत घातलं. छताच्या पत्र्याला खालून थेंब लोंबत होते, ज्वारीच्या कणसातल्या दाण्यांसारखे एकाला एक खेटून. मी पाहत असतानाच त्यांतले काही एकमेकांत मिसळले, एका खिळ्याच्या टोकापर्यंत ओघळत गेले आणि लुगड्यावर पडले. तो खिळा गंजलेला होता. तांबूस डाग बरोबर त्याच्या खाली.

एवढं पाणी आलं कुठून? मी तर सगळं पिळून काढलं होतं. मग उमगलं. लुगड्यातलं पाणी कुणाला न दिसता वर चढत होतं. वर वाट नव्हती, कारण वाट मीच खळ लावून बुजवली होती. म्हणून ते आल्या पावली खाली येत होतं. ऊब कोंडता कोंडता मी पाणी कोंडत होतो.

वरच्या पट्ट्या फाडल्या. गिरमिटानं छताला भोकं पाडली, तळाशी बल्बांजवळही पाडली. पुन्हा बल्ब लावला आणि वरच्या भोकावर तळहात धरला. वासराचं नाक हाताशी यावं तसा ऊन, ओला श्वास लागला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. घरातून पितळी थाळी आणून वर धरली. ती क्षणात धुरकटली, मग तिला थेंब फुटले, मग पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहत आलं. कापसात घालायचा तोच हात. इतकी वर्षं मी त्या हातानं पाणी हुडकत आलो आणि पाणी असं हवेतून चालत जातं हे मला माहीत नव्हतं.

आईला हाक मारली. तिनं भोकावर हात धरला.

"कोन सोडून राहिलं हा श्वास?"

"लुगडं."

तिनं थाळीवर बोट फिरवलं आणि ते ओलं बोट किती तरी वेळ पाहत राहिली. बाहेर झड थांबली होती. गल्लीतल्या ओसऱ्यांवर ओळीनं कपडे टांगलेले होते आणि मला वाटलं, हे सगळेच श्वास सोडत असणार. भिंती, मोर्णा नदीचं पाणी, सगळंच. मग थंडीतल्या सकाळच्या गाड्या आठवल्या. रात्रभर उघड्यावर चाललेल्या, दहिवरात भिजलेल्या. त्यांतल्या किती गाडीवाल्यांना मी लबाड ठरवलं असेल? ती माणसं आता मला सापडणार नव्हती. जी सापडणार होती ती चुलीपुढं बसली होती.

लुगडं संध्याकाळच्या आतच वाळलं. ते घडी करून मी चुलीपाशी गेलो.

"चुकलं माह्यं. पेटीचा दोष होता."

तिनं भाकर उलटली. माझ्याकडं पाहिलंही नाही. "इथं काहून सांगून राहिले? बोलले कुठं होते?"

त्या संध्याकाळी ती पांढरं पातळ नेसून आली, पण बसली दाराजवळच. वंदना सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो. आईच्या लुगड्याकडं बोट दाखवलं आणि म्हणालो, "त्या दिवशी मी इथं बोललो अन् तुमी हसल्या. ती ओल माह्या बायकोच्या हातची नव्हती. पेटी मी केली, अन् पान्याले जायले वाट मीच ठेवली नाई."

कुणी हसलं नाही. मग मी दाराकडं वळलो.

"तुह्यावर खोटा आळ घेतला मी, अन् चारचौघात घेतला. तुले वाटलं त पुढं ये, नाई वाटलं त तिथंच बस. पण मले माफ कर."