पांढरा सदरा आणि कोशाची कांडी

बायकोच्या बोटांना भेगा पडल्या त्या माझ्या सदऱ्यांमुळे, हे कळायला मला अर्धा हिवाळा लागला.

आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. जिल्हा अर्धा झाला तरी समारंभ अर्धे झाले नव्हते. उलट उद्घाटनं वाढली होती, आणि प्रत्येक उद्घाटनाला शाळेतली मुलं रांगेत उभी करावी लागत. मी मोहाडी तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. हार-तुऱ्यांना मी मनातल्या मनात हसायचो, पण रांगेशेजारी उभं राहताना अंगात सदरा मात्र पांढराशुभ्र लागायचा. असे पाच सदरे होते. पाचही बायको धूत असे, पावडरच्या पुड्या ओतून. फेस बादलीबाहेर आला की कपडे स्वच्छ झाले, असं तेव्हा गावातल्या सगळ्यांनाच वाटे. मलाही.

दुपारी ती आंधळगावच्या एका विणकरासाठी कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसणारी लहानशी नळी. एका हातानं चरखा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून कोशाचा धागा सोडत नळीवर भरायचा. ती चिमटी गुळगुळीत हवी. बोट खरबरीत असेल तर धाग्याचे तंतू उभे राहतात आणि मागावर धागा तुटतो. माझ्या पगाराला ती ‘आपला पगार’ म्हणे. कांड्यांना ‘माझं काम’.

डिसेंबरात विणकर सायकलवरून आला. वयस्कर माणूस, बोलणं मोजकं. पिशवीतली एक कांडी काढून त्यानं धागा उजेडात धरला. धाग्यावर लव उभी होती.

“हे पाह्य बाई. चार हात विणून होत नाही तं तुटते.”

“थंडीनं हात उलले जी, काका.”

“थंडी तं मलेही आहे. पंधरा दिस पाहतो, मंग धागा दुसरीले देतो. राग नोको मानू.”

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी बोटं पाहिली आणि पहिलाच प्रश्न कपडे कशानं धुता, हा विचारला. मग म्हणाले, “मलम देतो. पण पावडरमध्ये हात घालणार असाल तर मलम लावू नका, वाया जाईल. आणि पंधरा दिवस पाण्यातही कमीच.”

परतताना ती म्हणाली, “मंग कपडे कोण धुइल?”

“मी.”

मी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभा राहतो असं म्हटलं असतं, तरी तिनं माझ्याकडे तसंच पाहिलं असतं.

मी पावडरनंच धुतले असते तर प्रश्न पंधरा दिवसांपुरता सुटला असता. सोळाव्या दिवशी तिनं बादली हिसकावून घेतली असती आणि भेगा परत आल्या असत्या. लग्नाला बारा वर्षं झालेल्या माणसाला एवढं कळतं. म्हणून पावडर घरातूनच घालवायची ठरवली.

शेजारच्या मोठीमायकडे उपाय तयार होता. “राखेचं पाणी घे गा बाबू. आमी काय पावडर खाऊन मोठे झालो?” चुलीतली राख पाण्यात कालवली, निवळू दिली, वरचं पाणी घेतलं. मळ निघाला. माझ्या बोटांचं कातडंही निघालं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात खडू धरताना झोंबत होतं. चुलीतून आलं ते सगळं हाताला मायाळू, हा समज मी तिथंच सोडला. राखेचं पाणी कामाचं आहे, पण ते गोधड्या आणि सतरंज्यांसाठी, आणि तेही काठीनं ढवळायचं. चिमटीवर काम चालवणाऱ्या बाईनं त्याच्या वाटेला जाऊ नये.

मग रिठे आणले. आठवडी बाजारात जडीबुटीवाल्याकडे ते ढिगानं असत. शाळेच्या कपाटातल्या वनस्पतींच्या पुस्तकात रिठ्यावर एक पान होतं. झाड केवढं वाढतं, फुलं कधी येतात, सगळं होतं; भिजवायचं कशात ते नव्हतं. बायकोला विचारलं.

“केसाले भिजवतो तसेच भिजवा.”

आमच्याकडे केसांसाठी रिठे, शिकेकाई आणि वाळलेला आवळा लोखंडी कढईत रात्रभर भिजवतात. सकाळी पाणी काळं झालेलं असतं. तसंच ते हवं असतं. केस काळे राहतात म्हणे. मी तसंच भिजवलं. तिलाही शंका आली नाही, मलाही नाही. पाचही सदरे त्या पाण्यात बुडवले, चोळले, पिळले आणि दोरीवर टाकले. सुकले तेव्हा ते पाटीच्या रंगाचे झाले होते.

तिनं दोरीवरच्या एका सदऱ्याची बाही उलटून पाहिली. मग म्हणाली, “तुमचे केस तं राहिले नाही. सदरे तरी काळे झाले.”

दुसऱ्याच दिवशी शाळेत पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि स्वच्छतेवर पाऊण तास बोलले. टाकीत पाणी नव्हतं. पांढऱ्या कपड्यांच्या ओळीत मी एकटा राखाडी उभा होतो.

“गुरुजी, हे काय घालून आले?” हेडमास्तरांनी हळूच विचारलं.

“नैसर्गिक आहे,” मी म्हटलं.

ते तिथून सरकले आणि फोटोच्या वेळी त्यांनी मला खांबामागे उभं केलं. खांबामागून एक गोष्ट स्पष्ट दिसली. सदरा राखाडी असल्यानं मुलं रांगेतून हलली नव्हती, आणि सकाळच्या तासाला मला शिकवायलाही काही अडलं नव्हतं.

पुढं चुका सुधारल्या. आवळा आणि लोखंड एकत्र आले की पाणी काळं होणारच, त्यामुळे दोन्ही बाद. शिकेकाईही नको. नुसते रिठे घ्यायचे, फोडून बिया काढून टाकायच्या आणि साली जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात कोमट पाण्यात भिजवायच्या. सकाळी एक उकळी आणायची, निवलं की कुस्करून फडक्यातून गाळायचं. फेस थोडाच येतो. त्याकडे लक्ष द्यायचं नाही. कॉलरवर साली चोळायच्या. काळपट सदऱ्यांना लिंबाचा रस लावून ते तलावाच्या पाळीवर गवतात ओले पसरले. तीन-चार उन्हांत पाटीचा रंग गेला. कडकपणा हवा म्हणून भाताची पेज गाळून दिली. कापड स्वच्छ झालं, घामाचा वास गेला, माझी बोटं शाबूत राहिली. पावडरची ती डोळ्यांवर येणारी सफेदी मात्र परतली नाही. फिकट पिवळसर झाक राहिली ती राहिलीच.

तलावावर बायका विचारत, “गुरुजीन कुठं गेली? तुमी काहून धुऊन राहिले?” मी सांगत असे, “ती कामात आहे.” ते खरंही होतं. बोटांना मलम लावून ती रोज टाकाऊ धाग्याचा तुकडा चिमटीतून ओढून पाहायची. पहिले आठ दिवस अडकला. दहाव्या दिवशी एकदाच अडकला. तेराव्या दिवशी तिनं चरखा पुसून काढला.

विणकर पंधराव्या दिवशी आला. तिनं दोन कांड्या पुढं केल्या. त्यानं धागा उजेडात धरला, मग ओठांवरून सरकवला. बोटांना न कळणारी लव ओठांना कळते. दुसऱ्या कांडीचंही तसंच केलं. मग पिशवी उघडून कोशाच्या लडी खाटेवर ठेवू लागला. नेहमी चार असत, त्या दिवशी सहा ठेवल्या.

निघताना सायकल वळवून तो माझ्या सदऱ्याकडे पाहत राहिला. पन्नास वर्षं कोसा पाहिलेला माणूस. ती पिवळसर झाक त्याच्या ओळखीची होती.

“गुरुजी, कोशाचा शिवला का?”

मी तोंड उघडण्याआधी बायको आतून म्हणाली, “हो जी काका. तुमचाच धागा उरला होता.”

तो पहिल्यांदाच हसला. बायको लडी मोजत नव्हती; एक उलगडून तिनं चरख्यावर लावलीसुद्धा होती. मी बादली उचलून तलावाकडे निघालो.