पोटात काय साठलंय ते बघ

आक्का चिडली की आधी हात उठायचा, मग आवाज. माझ्यादेखत तिनं तीन फोन भिंतीवर फोडले. उमरग्यात टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या या बाईनं स्वतः शिकून रक्तदात्यांचं अ‍ॅप बनवलं होतं. हायवेवर गाड्या आदळल्या की दवाखान्यातून आम्हालाच फोन यायचा.

यादी माझ्या ताब्यात. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची, म्हणजे कोवळी आणि अतिशहाणी. कुणी रक्त दिलं की मी नोंद करायची. मग तीन महिने त्याचं नाव यादीत दिसायचं नाही. आक्का बजावायची, "पडद्यावर भाळू नको. पोटात काय साठलंय ते बघ." अ‍ॅपला पोट असतं म्हणे! मी पदराआड हसायची.

एका दुपारी ट्रकनं जीप चिरडली. आत बाळंतपणाला निघालेली पोर, रक्तानं न्हालेली. दवाखान्यात पोचून मी यादीतल्या बसप्पाला फोन लावला. त्यानं सकाळीच रक्त दिलं होतं, नोंदही मीच केली होती. पण पडद्यावर नाव दिसतंय ना? मग स्वतःच्या डोक्याला कशाला त्रास! बसप्पाही असा भिडस्त, की बोलावलं म्हणून मुकाट आला. नर्सनं त्याच्या दंडावरची पट्टी बघून त्याला परत फिरवलं, तसा पोरीच्या भावानं त्याचा गळाच धरला.

"रक्त न्हाय तर आलास कशाला?"

स्टूल उडालं, बसप्पाचं नाक फुटलं. आक्का धावत आली. भावाला कोपरानं ढकललं, मला फाडकन वाजवली आणि फोन हिसकावला. यादी बंद करून पुन्हा उघडली, तर बसप्पाचं नाव गायब! आक्कानं आधी पुढच्या नावाला बोलावलं. त्याच्या रक्तानं पोर वाचली, बाळही.

मग ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. "तुझी नोंद बरोबर हाय. पण यादी उघडली की पडदा एकदाच पोटातल्या नोंदी बघतो, मग डोळं मिटून बसतो. चूक माझी. हाण."

सभ्य बाई नको म्हणाली असती. मी अशी हाणली की तिचा चष्मा खाटेखाली गेला.

"हात लई जड हाय की गं तुझा!" आक्का खदखदून हसली.

दोन दिवस क्लास बंद ठेवून तिनं दुरुस्ती केली. पोटात काही हललं की पडदा आपोआप बदलायला लागला.

यंदा आक्का गेली, चार दिवसांच्या तापात. यादीत पहिलं नाव तिचंच होतं. ते मी काढलं. बोट उचलायच्या आत पडद्यावरूनही पुसलं गेलं. इतकं चोख काम! एवढी कसली घाई होती गं?

चौथा फोन मी फोडला.