नथूच्या चार चाली

पारोळ्याहून कार्ड आलं तेव्हा मी धुळ्याच्या घरून कचेरीत निघालो होतो. नथू गेला होता... कार्ड खिशात घातलं आणि दिवसभर काम केलं. त्याला सव्वा महिना झाला. आता खरं सांगून टाकतो.

नथू पारोळ्याच्या जिनात, सरकी काढायच्या गिरणीत, कापसाच्या वजनकाट्यावर बसायचा. कापसाची भुकटी छातीत जाऊन सदा खोकायचा. "या जिनमाईन माले हाऊ पटच बाहेर काढी, आबा," बुद्धिबळाच्या पटावर हात ठेवून म्हणायचा. आमच्या देशी खेळात पहिल्या चार चाली एकदम करून मांडणी लावतात. ज्याची त्याची मांडणी वेगळी, आणि डावाआधी ती कोणी कोणाला दाखवत नाही. नथूनं मला दाखवली होती. माझ्यासमोर बसूनच तर त्यानं ती घोटली.

जळगावच्या सामन्यात शेवटचा डाव आम्हा दोघांवरच आला. माळव्यातल्या एका संस्थानचे कारभारी आले होते. जिंकेल त्याला दरबारी खेळाडू म्हणून नेणार, बरोबरी झाली तर बऱ्हाणपूरच्या एका तिसऱ्याच खेळाडूला, हे आधीच ठरलेलं. नथूनं त्याच ओळखीच्या चार चाली केल्या. मला जिंकायची उमेद नव्हती, जायची तर नव्हतीच. हा गेला की आपण इथे एकटे, एवढंच डोक्यात होतं. मी माझी मांडणी सोडली आणि त्याची प्रत्येक वाट अडेल अशा चार चाली लावल्या. दुपारपर्यंत प्याद्यांना प्यादी भिडली, हत्ती आपल्याच घरात कोंडले. "उठा की राव, पोहे निवाले!" बघणाऱ्यांतून कोणी ओरडलं. डाव बरोबरीत सुटला.

नथू पटाकडे बघत राहिला. "बठ्ठं बंद करी टाकं रे तू. सांग, आते वाट कोठे शे?"

मी हसलो. हो, हसलो...

तो काट्यावरच राहिला. पुढे वीस वर्षं मी रविवारी त्याच्याकडे खेळायला जायचो, पण त्यानं स्वतःची मांडणी पुन्हा कधी लावली नाही. "मनी बी तूच मांड," म्हणायचा आणि खोकत बघत बसायचा. दोन्ही बाजू मीच मांडायचो.

दहाव्याला नथूच्या घरी वहिनींनी पट माझ्या हातात दिला. "घरमा कोले खेळता येस, आबा? तुम्हीच लई जा."

तो आता माझ्या खिडकीपाशी पसरलेला असतो. नथूच्या चार चाली मी करून ठेवल्या आहेत. समोरची बाजू माझी. तिथलं एकही प्यादं अजून हलवलेलं नाही.