ग्रीस जास्त झालं

कारखान्यांतली मशीनं पुन्हापुन्हा का बिघडतात ते शोधायचं आणि त्यांची निगा राखायची शिस्त लावून द्यायची, हे माझं काम. परळच्या एका हॉस्पिटलने मला बोलावलं ते त्यांच्या लाँड्रीसाठी. चादरी धुण्याच्या मोठ्या मशीनचं बेअरिंग सारखं जात होतं.

मशीनवर दोन काका होते, एक सकाळपाळीला, एक दुपारपाळीला. मी स्टूल ओढून शेजारीच बसले.

सकाळच्या काकांनी मशीनवरून फडकं फिरवलं, ड्रम हाताने फिरवून कान लावला आणि ग्रीसगनने भरपूर ग्रीस भरलं. "पोटात काही असेल तर चालेल ना बिचारं," म्हणाले.

दुपारचे काका आले. फडकं, कान, आणि तेवढंच ग्रीस.

"अहो काका, सकाळी भरलंय की!"

"मला काय म्हाईत? आम्ही बोलत नाय."

"का?"

"त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका शेजाऱ्याच्या हाती पाठवलीन. घरी यायला काय झालं होतं?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. जादा ग्रीसच्या दाबाने बेअरिंगमध्ये पाणी जाऊ न देणारं रबरी सील फाटायचं, पाणी आत शिरायचं आणि बेअरिंग गंजायचं. दोघांच्या मायेनेच मशीन आजारी पडत होतं.

नवं सील बसवलं. ग्रीस आठवड्यातून एकदाच, तेही सकाळच्या काकांनी मोजून भरायचं. आणि पाळी बदलताना दोघांनी मशीनपाशी उभं राहून आवाज कसा आहे, गळती आहे का, ते एकमेकांना सांगायचं.

पहिल्या दिवशी दोघेही माझ्याकडे बघूनच बोलले. "मॅडम, त्यांना सांगा, पिळताना जरा हादरतंय."

"त्यांना म्हणावं, चादरी एका बाजूला गोळा होतायत. नीट पसरून टाका."

मी निमूटपणे इकडचं तिकडे पोचवत राहिले.

काही महिन्यांनी ठरल्याप्रमाणे पुन्हा गेले. बेअरिंग ठणठणीत होतं. दारातूनच आवाज ऐकू आला, "अरे, तुला ऐकूच येत नाय! कान तपासून घे एकदा."

"तूच घे! चहा थंड होतोय, पी आधी."

मला बघून दोघे उठले. सकाळच्या काकांनी घसा खाकरला. "मॅडम, ग्रीस जरा कमीच पडतंय, असं आमचं दोघांचं मत आहे."

"अजिबात नाही," मी म्हटलं आणि माझ्यासाठी ओतून ठेवलेला तिसरा कप उचलला.