लाइन गेल्यावरची दुरुस्ती

अमरावतीला बहिणीच्या घरी टीव्हीखाली खेळाचा एक काळा, चपटा डबा आहे. तिच्या नवऱ्याचा. बँकेतून आला की तो हातपाय धुतो, चहा घेतो आणि त्या डब्यावर फुटबॉल खेळतो. एरवी जिना चढताना त्याला धाप लागते. मी त्याच्या खेळाला खूप हसलो, पण डब्याला कधी हसलो नाही. त्या डब्यात माझं काहीतरी आहे असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणता येईल.

इंजिनियर झाल्यावर तीन वर्षं मी अकोल्यात एका खोलीत बसून होतो. पुण्याच्या नोकरीला नाही म्हटलं होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तयार झालेली आणि जगाला फुकट वाटलेली एक ऑपरेटिंग सिस्टिम होती, म्हणजे संगणक ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्राम. ठिकठिकाणची माणसं घरी बसून, बिनपगारी ती सुधारत. मला तिचं वेडच लागलं. तेव्हा अकोल्यात भारनियमन होतं. लाइन गेली की माझा संगणक धाडकन बंद पडे. लाइन आल्यावर सिस्टिम आपली डिस्क तपासायला घेई आणि मध्येच अडकून बसे. परदेशातल्या लोकांना हा दोष कधी दिसलाच नव्हता, कारण त्यांच्याकडे लाइन जात नव्हती. एक सबंध उन्हाळा मी त्यावर डोकं फोडलं, दोष शोधला आणि दुरुस्ती करून पाठवली. ती त्यांनी घेतली. त्या दिवशी मी खोलीत एकटाच नाचलो. ज्याचा अभिमान वाटावा असं एवढं एकच काम माझ्या हातून झालं.

बाबांना मात्र माझी लाज वाटे. अंजनगाव सुर्जीजवळ आमची संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका. गिऱ्हाइकानं विचारलं, पोरगा काय करतो, की बाबा रोपांकडे बघत म्हणत, "बसून हाय अकोल्याले." पुढे मी संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हा त्यांचं वाक्य बदललं, आवाज तोच राहिला.

बऱ्याच वर्षांनी दुकानात बसल्या बसल्या मोबाइलवर वाचलं की बहिणीकडच्या या डब्याची सिस्टिम कंपनीनं कोऱ्या पाटीवर लिहिलेलीच नाही. आमची फुकटातली सिस्टिम उचलली, तिच्यावर आपलं काम चढवलं आणि झाकण लावून टाकलं. यात चोरी काही नाही. न्या, बदला, विका, आत काय केलं ते कुणाला दाखवू नका, असा परवानाच होता आणि तो वाचूनच मी त्यात पडलो होतो. चिडायचं तरी कुणावर?

गिऱ्हाइकाचा लॅपटॉप उघडा टाकून मी तसाच बसून राहिलो. डोक्यात एकच गोष्ट होती, बाबांना दाखवायचं. ते तेव्हा डायलिसिससाठी बहिणीकडे राहत होते आणि फार दिवस उरले नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ते गेले तर माझी तीन वर्षं 'बसून' म्हणूनच जातील, याची मला भीती वाटत होती. त्यांनी एकदा तरी 'बरं केलं' म्हणावं, बस.

रविवारी मी अमरावती गाठली. बाबांना टीव्हीसमोरच्या खाटेवर उशीला टेकवून बसवलं. आता लाइन जायची वाट कोण बघणार? मी भिंतीवरचं बटणच बंद केलं. बहिणीचा नवरा दोन गोलनं पुढे होता. तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

बटण पुन्हा लावलं. लगेच खेळ सुरू झाला नाही. साठवण तपासतो आहे, अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं आणि त्याखाली एक पट्टी हळूहळू भरू लागली.

"बाबा, हे पाहा. लाइन गेली म्हणून तो आतून तपासून रायला. अडकला नाही. हे अडकू नये म्हणून मी काम केलं होतं, अकोल्याले बसून होतो तेव्हा."

पट्टी भरेपर्यंत बाबा नजर न हलवता बघत होते. मग म्हणाले, "म्हंजे खाली तुमचं अन् वर त्याइचं?"

"हो."

"जंबेरीवानी."

संत्र्याचं कलम जंबेरीच्या रोपावर बांधतात. जंबेरी म्हणजे आंबट, खडबडीत लिंबू. तिच्या खोडात संत्र्याचा डोळा भरायचा, तो फुटला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. मुळं शेवटपर्यंत तिचीच राहतात. बाबांनी जन्मभर तेच केलं होतं. एवढं नेमकं मला आजवर कुणीच ओळखलं नव्हतं. आता 'बरं केलं' म्हणतील, असं वाटलं.

"तुह्यं नाव हाय काय त्याच्यात?"

"नाही."

"कंपनीले विचारता येते काय?"

"ते आतलं दाखवत नाहीत, बाबा."

"मंग ते तुह्यंच हाय, हे तुले कसं मालूम?"

त्यांनी खोचून विचारलं नव्हतं. रोप हातात घेऊन बघावं तसं विचारलं होतं. माझी दुरुस्ती तिथं अजून आहे, की कंपनीनं कधीच ती काढून स्वतःचं काही घातलं, हे त्या झाकणाच्या आत होतं.

"नाही मालूम," मी म्हणालो.

बहिणीच्या नवऱ्यानं सामना पहिल्यापासून सुरू केला.

संध्याकाळी चपला घालत होतो तेव्हा बाबांनी जवळ बोलावलं. माझं मनगट धरलं, बहीण स्वयंपाकघरात आहे हे पाहून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मले सांगतलं ते सांगतलं. आनखी कोनाले सांगू नोको. लोकं हासतीन तुले."

बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. ते चिडून बोलले असते तर मी भांडलो असतो. त्यांना माझी काळजी वाटत होती, आणि त्यावर मला करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या हिवाळ्यात बाबा गेले. डबा अजून आहे. मी तिकडे असताना कधी लाइन गेली आणि परत आली, तर पट्टी भरेपर्यंत मी टीव्हीसमोर उभा राहतो.

"दादा, काय पाहून रायला?" बहीण विचारते.

"काही नाही," मी म्हणतो.