राजनीती नसलेल्या शाळेतली निवडणूक

मुलाखतीत चेअरमनसाहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. "मॅडम, आप पॉलिटिक्स पढ़ाती हैं, करती तो नहीं?"

मी नाही म्हटलं.

"अच्छा है. हमारे यहां राजनीति नहीं चलती, संस्कार चलते हैं." असं म्हणून त्यांनी मला राज्यशास्त्र शिकवायला ठेवून घेतलं.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. चेअरमनसाहेबांची बीरगांवकडे लोखंडाची मिल होती आणि भनपुरीच्या पुढे, ट्रकांच्या गोदामांना लागून, ही शाळा. मी ब्राह्मणपाऱ्यातून स्कूटीनं जायची. शाळेत पोचेपर्यंत ओढणीचा रंग बदललेला असायचा.

शाळेच्या व्हरांड्यात थोर पुरुषांच्या तसबिरी होत्या. मी लागले त्यानंतर काही काळानं हिवाळ्यात निवडणुका झाल्या, सरकार बदललं आणि नाताळच्या सुट्टीत तसबिरीही बदलल्या. काही थोर पुरुष वरच्या स्टोअररूममध्ये गेले, तिथले काही खाली आले. प्रार्थनाही बदलली. संगीताच्या सरांनी नवी चाल दोन दिवसांत बसवली, फक्त पेटी जुन्याच सुरात सुरू व्हायची, मग मुलं गोंधळायची. आमच्या प्राचार्या केरळच्या. सगळे त्यांना बडी मॅडम म्हणत. मी त्यांना तसबिरींबद्दल विचारलं तर त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "दीवार पर कील वही है, मैडम."

स्टाफरूममध्ये मात्र राजनीती भरपूर चालायची. गणिताचे सर एका पक्षाचे, हिंदीचे सर दुसऱ्या. डबा खाताना दोघं देश चालवायचे. खाली चेअरमनसाहेबांची गाडी वाजली की दोघंही वह्या तपासायला घ्यायचे. एकदा एक मोठे नेते शहरात आले, तेव्हा आमच्या नववी ते बारावीच्या मुलांना बसमध्ये घालून मैदानावर नेलं. नोटीसवर 'शैक्षणिक भ्रमण' लिहिलं होतं. मुलांनी परत येऊन वृत्तान्त लिहिला. बहुतेकांनी केळं आणि फ्रूटीबद्दल लिहिलं.

शाळेचा विद्यार्थीप्रमुख दरवर्षी बडी मॅडम नेमायच्या. तसबिरी बदलल्यानंतरच्या एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू झालं, तेव्हा मी सुचवलं की या वेळी मुलांना मत देऊ द्यावं. बारावीला निवडणूक प्रक्रियेचा धडा होता, तो प्रत्यक्ष शिकवता येईल. चेअरमनसाहेबांना कल्पना फारच आवडली. वर्तमानपत्रात फोटो येईल म्हणाले. त्यांचा पुतण्या बारावीत होता, तेही त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर बारावी आर्ट्सची एक मुलगी माझ्या मागे मागे आली. वडील रेल्वेत फिटर, मूळचे भंडाऱ्याकडचे बौद्ध. शाळेत ती हिंदीच बोलायची, माझ्याशी एकटी असली की मराठी.

"मॅडम, मी उभी राहू काय?"

"काहून? कोणी मना केलं?"

"मना नाही केलं. सर म्हणून राहिले का तुमच्याकडचे लोक पैदाइशीच नेता असतात."

"कोणते सर?"

तिनं सांगितलं नाही. पण ते वाक्य तिनं हिंदीच्या सरांच्या आवाजात म्हटलं होतं, त्यामुळे मला कळलंच.

"तुले काय वाटते?" मी विचारलं.

"मले वाटते का उभं राहावं."

"मग राहा."

भाषणं मैदानात झाली. पुतण्या आधी बोलला. भाषण हिंदीच्या सरांनी लिहून दिलं होतं. त्यात राष्ट्र, अनुशासन, गुरुजन आणि माती हे शब्द आले. तो चांगला मुलगा होता, घामानं भिजला होता आणि 'कर्तव्यनिष्ठा'वर दोनदा अडखळला. चेअरमनसाहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या.

मग ती आली. हातात कागद नव्हता. ती म्हणाली, "पहिल्या मजल्यावर स्टाफचा वॉटर कूलर आहे. आपण टाकीच्या नळाचं पाणी पितो. टाकी गच्चीवर आहे. दुपारी त्या पाण्यात चहापत्ती टाकली तर चहा होईल." हे सगळं हिंदीत. "मी निवडून आले तर कूलर खाली आणायला सांगेन. माझ्याजवळ दुसरं काही नाही."

एवढं बोलून ती खाली उतरली. लहान वर्गांनी इतका गोंगाट केला की पीटीच्या सरांना शिट्टी वाजवावी लागली.

चेअरमनसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. ते रागावले नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

"मैडम, यह तो राजनीति हो गई."

"सर, तिनं पाणी मागितलं."

"मांगना ही तो राजनीति है. वह लड़का देश की बात कर रहा था. उसमें राजनीति थी कहीं?"

मी विचार करून नाही म्हटलं. त्यात खरंच काही नव्हतं.

मतदान झालं. मोजणी सायन्स लॅबमध्ये गणिताच्या सरांनी केली, शेजारी हिंदीचे सर बसले होते. मुलगी मोठ्या फरकानं निवडून आली. हिंदीच्या सरांनी पुन्हा मोजायला लावलं. फरक तोच निघाला. त्यांनी निमूट सही केली आणि पाणी प्यायला वर गेले.

संध्याकाळी चेअरमनसाहेबांचा फोन बडी मॅडमना आला. मी समोरच बसले होते. निकाल सध्या जाहीर करू नका, एक समिती बसवू, ती दोघांच्या गुणांचा विचार करील, असं काहीतरी ते सांगत होते. बडी मॅडम "जी सर, जी सर" म्हणत होत्या. मला वाटलं, झालं. मी घरी आले, आईला सांगितलं. आई म्हणाली, "तू मुकाट्यानं शिकवून राहिली असती तर काय बिघडलं असतं? नोकरी नीट कर न बाई."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. बडी मॅडम माइकसमोर आल्या. एरवी त्या सूचना वाचायच्या: बूट, नखं, फी. त्या दिवशी त्यांनी आधी मुलीचं नाव घेतलं आणि तिला वर बोलावून प्रमुखाचा बिल्ला लावला. मग पुतण्याला बोलावून त्याला उपप्रमुख केलं. मग बूट आणि नखांबद्दल सांगितलं. मैदानात बराच वेळ टाळ्या चालल्या. पुतण्यानंही वाजवल्या, बहुधा सुटल्यासारखं वाटून.

नंतर मी त्यांच्या खोलीत गेले. "मॅडम, समिती?"

"बैठी थी," त्या म्हणाल्या. "रात को. मैं अकेली थी, इसलिए जल्दी निर्णय हो गया."

मला त्यांचे हात दिसत होते. त्या चष्म्याची दांडी उघडत होत्या, मिटत होत्या. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

शाळेत कोणी कोणाला ओरडलं नाही. चेअरमनसाहेब पंधरवडाभर शाळेत फिरकले नाहीत. मग आले ते एका आमदारांना घेऊनच. कूलर खाली आणलेला नव्हता, मुलांसाठी नवा, मोठा घेतला होता. त्यावर चेअरमनसाहेबांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी होती. आमदारांनी फीत कापली. कात्रीचं तबक विद्यार्थीप्रमुखानं धरलं. फोटोत ती आली आहे, अर्धी. बातमीत लिहिलं होतं की चेअरमनसाहेबांना विद्यार्थ्यांची तहान बघवली नाही. पाणी मात्र थंड यायचं, हे मान्य करायलाच हवं.

सत्र संपल्यावर बडी मॅडमना निरोप दिला. वय झालं, असं भाषणात सांगितलं. त्यांना शाल मिळाली आणि त्या कोट्टयमला मुलाकडे गेल्या. मला प्रायमरीत पाठवलं. मी दुसरीच्या वर्गाला 'आपले मदतनीस' शिकवू लागले: पोस्टमन, शिपाई, डॉक्टर. पुढच्या वर्षी विद्यार्थीप्रमुख नेमला गेला. तसबिरींना कोणी हात लावला नाही, कारण सरकार तेच होतं.

मुलगी बारावी पास होऊन एका खाजगी कॉलेजात गेली. तिथून एकदा फोन आला.

"मॅडम, इथं निवडणूकच नाही. ज्याचे मार्क्स सगळ्यात जास्त, त्यालेच अध्यक्ष करतात."

"मग तू काय करून राहिली?"

"अभ्यास," ती म्हणाली. मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं, तिनं "हव, आली" म्हटलं आणि फोन ठेवला.